हायब्रिड गाडीच्या ॲव्हरेजची पडताळणी : प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

प्रकल्पाचे प्रयोजन आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नोंदी भरकटणार नाहीत. नाशिकच्या भाचीला दिवाळीपर्यंत गाडी घ्यायची आहे आणि घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. मेहुण्यांकडे मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी-मोटर असलेली आणि काही वेळ नुसत्या विजेवरही चालणारी) एसयूव्ही आहे आणि तिच्या ॲव्हरेजचे कौतुक ते थांबवत नाहीत. भाच्याकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. त्याचे म्हणणे असे की, माहितीपत्रकातला लिटरला २८ किलोमीटरच्या आसपासचा आकडा रस्त्यावर कोणालाच मिळत नाही, त्यामुळे हायब्रिड म्हणजे दोन-सव्वादोन लाख रुपये जास्त घेण्याचे निमित्त आहे. दोघांच्याही बोलण्यात आकडे भरपूर आहेत, पण मोजलेला एकही नाही.

एकच बॉडी, एकच कंपनी, दोन्ही ऑटोमॅटिक आणि फरक फक्त हायब्रिड यंत्रणेचा, असा योग सहसा जुळून येत नाही. म्हणून दोन्ही गाड्या काही महिने एकाच पद्धतीने मोजायच्या आणि हिशेब भाचीच्या हाती द्यायचा, असे ठरवले आहे. गाडी कोणत्या कंपनीची, हे नोंदींत कुठेही लिहिणार नाही. प्रश्न तंत्राचा आहे, दुकानाचा नाही.

९ एप्रिल २०२५

मोजणीआधी दावा नेमका कशाचा आहे, हे पाहणे आवश्यक होते. लोक ज्याला ‘एआरएआयचे ॲव्हरेज’ म्हणतात, तो आकडा प्रयोगशाळेतल्या एका ठरावीक चाचणीतून येतो. एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था १९६६ साली स्थापन झाली आणि पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. कोथरूडच्या बाजूने टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिचे आवार परिचयाचे आहे. या चाचणीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. ती युरोपातल्या जुन्या चाचणीवरून बेतलेली असून १,१८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही थोडी कमी आहे. त्यात सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर कापले जाते. पहिल्या भागात १९५ सेकंदांचे शहरी चक्र चार वेळा होते आणि त्यातला कमाल वेग ताशी ५० किलोमीटर असतो. दुसऱ्या भागात वेग ताशी ९० पर्यंत जातो आणि तोही थोडाच वेळ. युरोपच्या मूळ चाचणीत ही मर्यादा १२० होती.

गाडी रोलरवर उभी असते, चाके जागच्या जागी फिरतात, आणि हवेचा व रस्त्याचा विरोध रोलरवर कृत्रिम रीतीने लादला जातो. किती विरोध लादायचा, ते ट्रॅकवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून आधी मोजलेले असते. पेट्रोल मापाने मोजले जात नाही. धुरातला कार्बन मोजून त्यावरून जळालेले इंधन काढतात. एसी बंद असतो. शून्यापासून पन्नासपर्यंत वेग गाठायला शहरी चक्रात २६ सेकंद दिलेले आहेत. कर्वे रस्त्यावर कोणी इतक्या सावकाश गाडी उचलली तर मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढणार नाही.

हायब्रिडच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, शहरी चक्रातल्या १९५ सेकंदांपैकी ६० सेकंद गाडी उभीच असते. साध्या गाडीचे इंजिन तेवढा वेळ नुसते पेट्रोल जाळते, तर हायब्रिडचे बंद असते. हळू वेग, वेगातले सौम्य चढउतार, बंद एसी आणि वारंवार थांबणे हे सगळे हायब्रिडच्या पथ्यावर पडणारे आहे. त्यामुळे चाचणी खोटी ठरत नाही, कारण सर्व गाड्यांना तीच लागू असते. पण तिच्यातून निघणारा आकडा आपल्या प्रवासाचा अंदाज म्हणून वापरणे ही त्या आकड्याकडून केलेली अवास्तव अपेक्षा आहे.

कंपन्यांना हा आकडा प्रिय असण्याला जाहिरातीपलीकडचेही कारण आहे. सरकारच्या इंधन-कार्यक्षमता नियमांत प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी काढतात आणि त्या सरासरीत एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांइतकी धरली जाते. म्हणजे चाचणीतला चांगला आकडा तिथे दोनदा कामी येतो.

१३ एप्रिल २०२५

मोजण्याची पद्धत ठरवली. टाकी फुल करायची, चालवायचे, पुन्हा फुल करायची. लागलेले लिटर आणि धावलेले किलोमीटर यांचा भागाकार करायचा. पद्धत जुनी आहे आणि तिच्यातल्या चुकाही जुन्याच आहेत. नोझल ऑटो कट होण्याची पातळी पंपागणिक, किंबहुना गाडी कशी उभी केली यावरही बदलते. हा फरक अर्धा ते एक लिटर धरला, तर दहा लिटर भरल्यावर काढलेल्या ॲव्हरेजमध्ये पाच ते दहा टक्के चूक शिरते. चाळीस लिटरवर तीच चूक दोन टक्क्यांच्या आसपास येते. ‘परवा पाचशेचे टाकले आणि बघा किती धावली’ या हिशेबाला त्यामुळे काहीच अर्थ राहत नाही.

ठरवलेले नियम असे. पंप एकच, मशीनही एकच, गाडी उभी करण्याची जागा तीच. वेळ सकाळची, कारण पेट्रोल तापल्यावर फुगते आणि दहा अंशांच्या फरकाने घनफळ सुमारे एक टक्का बदलते. पहिल्या ऑटो कटला थांबायचे. बेरीज अनेक टाक्यांची करायची, एका टाकीचा आकडा वेगळा सांगायचा नाही. टायरमधली हवा दोन्ही गाड्यांत कंपनीने सांगितल्याप्रमाणे, आणि तपासणी टायर थंड असताना.

१५ एप्रिल २०२५

आज पहिल्यांदा दोन्ही टाक्या फुल केल्या. ऑटो कट झाल्यावर पंपावरच्या मुलाने सवयीने नोझल किंचित वर उचलून पुन्हा दाबायला घेतले आणि विचारले, ‘काका, राउंड फिगर करतो ना?’ मीटरवर रुपयांचा आकडा अडनिडा होता. नको म्हटल्यावर तो थबकला. सुट्ट्या पैशांची अडचण नको म्हणून लोक स्वतःच राउंड करायला सांगतात, असे त्याने सांगितले. त्या राउंड करण्यात कधी पाव लिटर जाते, कधी त्याहून जास्त, आणि दर वेळी वेगवेगळे जाते. लोकांच्या तोंडी असलेल्या ॲव्हरेजच्या आकड्यांत या एका सवयीचा वाटा किती असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. आम्ही यूपीआयने अडनिडी रक्कमच दिली.

२२ एप्रिल २०२५

ओडोमीटरची तपासणी द्रुतगती मार्गावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून केली. दोन्ही गाड्यांचे ओडोमीटर विश्वास ठेवण्याजोगे आहेत. स्पीडोमीटर मात्र दोन्हीकडे जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, आणि ते अपेक्षितच होते.

२८ एप्रिल २०२५

शहरातली धाव सुरू आहे. दोघेही कोथरूडहून चांदणी चौकमार्गे हिंजवडीला जातात, वेळाही जवळपास सारख्या आहेत. मेहुणे रोज संध्याकाळी स्क्रीनचा फोटो पाठवतात. त्यावर गाडी किती टक्के वेळ ‘ईव्ही’वर चालली, ते येते आणि तो आकडा नेहमी दिमाखदार असतो.

त्या टक्केवारीविषयी एक गोष्ट इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण घरातल्या वादाचा निम्मा भाग तिच्यावर उभा आहे. ही टक्केवारी वेळेची आहे, अंतराची नाही. सिग्नलला गाडी उभी असतानाचा वेळही तिच्यात बसतो. आणि त्याहून मूलभूत बाब अशी की, बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरीत येणारी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते, मग ती इंजिनाने थेट जनरेटर फिरवून केलेली असो की ब्रेक लावताना परत मिळवलेली असो. ज्या वेगातून ती परत मिळाली, तो वेग पेट्रोल जाळूनच आला होता. म्हणून ‘साठ टक्के वेळ फुकट चालली’ हे म्हणणे चुकीचे आहे. बचत होते ती वेगळ्या मार्गाने. इंजिन जिथे अकार्यक्षम असते, म्हणजे रांगणाऱ्या रहदारीत, तिथे ते बंद ठेवायचे आणि चालवायचे तेव्हा त्याला सोयीच्या भारावर चालवायचे. ॲटकिन्सन चक्राची, म्हणजे थोडी ताकद सोडून इंधन वाचवण्यासाठी बेतलेली, हायब्रिडमधली ही इंजिने त्यांच्या उत्तम भारावर पेट्रोलमधली ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावतात. साधे इंजिन रहदारीत सरासरीने त्याच्या पुष्कळ खाली असते.

ब्रेकमधून किती परत मिळते, याचा ढोबळ हिशेब केला. १,४०० किलोंची गाडी ताशी ५० ने चालली असेल तर तिच्यात सुमारे १३५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. शहरात साधे इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर ती ऊर्जा गाडीत यायला १८ मिलिलिटर पेट्रोल लागते. साधी गाडी प्रत्येक पूर्ण थांब्याला ते ब्रेकच्या चकत्यांवर उष्णता म्हणून टाकून देते. हायब्रिड त्यातले फार तर निम्मे वाचवते, कारण मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी आणि पुन्हा मोटर या फेरीत प्रत्येक ठिकाणी थोडी गळती असते. एका सिग्नलला नऊ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन चमचे. कोथरूड ते हिंजवडी या वाटेवर हे दोन चमचे किती वेळा साठतात, ते त्या वाटेवरून जाणाऱ्याला सांगायला नको.

११ मे २०२५

उन्हाळ्याने चाचणीला वेगळेच वळण दिले. दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी घेऊन निघाल्यावर हायब्रिडचे इंजिन सिग्नललाही चालू राहते, अशी मेहुण्यांची तक्रार आहे. त्यांना वाटते काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नाही. एसीचा कॉम्प्रेसर हायब्रिडमध्ये विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा मिळते, पण ती वीज बॅटरीतून जाते. या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी लहान असते. २०२२ साली आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या जोडीत ती ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. आयुष्य टिकावे म्हणून ती पूर्ण भरू वा रिकामी होऊ देत नाहीत. वापरता येणारा भाग निम्मा धरला तरी हातात ०.३८ किलोवॅट-तास राहतो. कडक उन्हात एसीला एक ते दीड किलोवॅट लागत असेल, तर तो साठा पूर्ण असतानाही वीस मिनिटांत संपतो, आणि सिग्नलवर तो पूर्ण असतोच असे नाही.

प्रयोगशाळेत एसी बंद आणि पुण्यात मे महिना, या एका फरकाने दाव्यातला मोठा तुकडा गळून पडतो. साध्या गाडीतही एसी पेट्रोल खातोच. पण तिचे इंजिन सिग्नलला एरवीही चालूच असते, त्यामुळे चालकाला फरक जाणवत नाही. हायब्रिडमध्ये तो कानाला ऐकू येतो, म्हणून तक्रार तिच्याबद्दल होते.

१९ मे २०२५

जुनी प्रकरणे वाचून काढली, कारण ‘हायब्रिड दाव्याइतके देत नाही’ ही तक्रार आपल्याकडे नवी असली तरी जगात पंचवीस वर्षांची आहे. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आली तेव्हा तिथल्या चाचणीतला तिचा आकडा लिटरला २८ किलोमीटर होता. आपल्याकडे २०२२ साली जाहीर झालेला ग्रँड व्हिटाराचा २७.९७ हा आकडा त्याच्या शेजारी ठेवला की गंमत वाटते.

अमेरिकेत २००४ च्या प्रियसला गॅलनमागे शहरात ६० आणि महामार्गावर ५१ मैल असे लेबल होते. मालकांना तेवढे मिळेना. तिथल्या पर्यावरण संस्थेने २००८ च्या गाड्यांपासून पद्धत बदलली आणि जास्त वेगाची व जोरकस चालवण्याची, एसी चालू ठेवून करण्याची आणि थंडीतली अशा चाचण्या हिशेबात घेतल्या. त्याच प्रियसचे आकडे ४८ आणि ४५ झाले. गाडी तीच, इंजिन तेच. शहरातला आकडा पाचव्या हिश्श्याने उतरला. शहराचा आकडा महामार्गापेक्षा कितीतरी जास्त घसरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हायब्रिडचा सगळा फायदा जिथे आहे, तिथेच जुनी चाचणी सर्वांत सौम्य होती.

फोर्डच्या सी-मॅक्स हायब्रिडचे प्रकरण याहून बोलके आहे. २०१३ च्या मॉडेलवर ४७ मैलांचे लेबल होते. तेव्हाच्या नियमांनुसार तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तोच वजनगट असलेल्या दुसऱ्या गाडीचा आकडा वापरता येत असे, म्हणून सी-मॅक्सला फ्यूजन हायब्रिड या सेडानचा आकडा लावला होता. सी-मॅक्स उंच, हवेला जास्त अडणारी. ऑगस्ट २०१३ मध्ये लेबल ४३ झाले, जून २०१४ मध्ये रस्त्याच्या विरोधाच्या हिशेबातली चूक निघाल्यावर ४० झाले, आणि कंपनीने मालकांना भरपाई दिली. आपल्या मापात सांगायचे तर लिटरला २० किलोमीटरवरून १७ वर. या प्रकरणात चालकाच्या सवयींचा काही संबंध नव्हता, मूळ आकडाच दुसऱ्या गाडीचा होता. संशय घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी ‘तुम्ही नीट चालवत नाही’ हे उत्तर देणाऱ्यांनी ते वाचावे.

युरोपातल्या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या, हायब्रिडची गोष्ट तर वेगळ्याच पातळीवरची आहे. युरोपीय आयोगाने गाड्यांतल्याच नोंदयंत्रांची माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त होते, तर प्लग-इन हायब्रिडचे साडेतीन पट. कारण साधे आहे; चाचणीत धरले होते तितक्या वेळा लोक त्या चार्जच करत नाहीत. आमच्या दोन गाड्यांचा याच्याशी संबंध नाही, पण ‘हायब्रिड’ म्हणून एकच शिक्का मारून बोलणाऱ्यांसाठी हा भेद लिहून ठेवला.

२ जून २०२५

घाटाची फेरी झाली. दोन्ही गाड्या, प्रत्येकीत चौघे, पुण्याहून खोपोलीपर्यंत आणि परत. मेहुण्यांची अपेक्षा अशी होती की, बोरघाट उतरताना बॅटरी भरभरून चार्ज होईल आणि पुढे पनवेलपर्यंत गाडी विजेवर जाईल. निघण्याआधी मी कागदावर हिशेब केला होता आणि तो बाजूला ठेवून दिला होता.

लोणावळा ते खोपोली उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. माणसांसह गाडी १,६०० किलो धरली, तर उंचीमुळे मिळणारी ऊर्जा २.४ किलोवॅट-तास होते. उतरताना टायरचा आणि हवेचा विरोध यातला सुमारे एक किलोवॅट-तास खातो. उरलेल्या १.४ मधून मोटर-जनरेटरने सत्तर टक्के पकडले तरी एक किलोवॅट-तास वीज तयार होऊ शकते. आणि बॅटरीत तेव्हा मोकळी जागा असते ती ०.२, फार तर ०.३. घाटाचे पहिले एक-दोन मोठे उतार संपेपर्यंत ती भरते आणि पुढचा घाट कोरडाच जातो.

रस्त्यावर तेच झाले. खंडाळ्याच्या खाली स्क्रीनवरची बॅटरीची पट्टी वर टेकली आणि थोड्याच वेळात, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन मोठ्याने घुमू लागले. मेहुण्यांनी काळजीने गाडी बाजूला घ्यायची का विचारले. इंजिन पेट्रोल जाळत नव्हते. बॅटरीला जागा नसल्यामुळे गाडी इंजिनाला नुसते फिरवून जास्तीची ऊर्जा त्यात जिरवत होती, म्हणजे जुन्या गाडीत आपण खालच्या गिअरमध्ये घाट उतरतो, तेच काम संगणक करत होता. पनवेलपर्यंत विजेवर जाण्याचा विषय खोपोलीच्या चहाबरोबर मिटला.

परतीच्या चढणीला उलट हिशेब. फक्त उंची गाठायला, इंजिन ३५ टक्के कार्यक्षमतेने चालले असे धरून, ०.८ लिटरच्या आसपास पेट्रोल लागते आणि बॅटरीतला साठा त्यात पुरवणीलाही पुरत नाही. घाटात हायब्रिडचा फायदा असलाच तर तो चांगल्या इंजिनाचा आहे, विजेचा नाही.

१४ जून २०२५

पाऊस सुरू झाला. एसीची गरज कमी झाली, काचा साफ ठेवण्यापुरताच तो लागतो. हायब्रिडचे शहरातले आकडे लगेच सुधारले, साध्या गाडीचे किंचित. पेट्रोलबाबतही एक नोंद करायला हवी. आता मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांश असते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या मानाने या मिश्रणात ऊर्जा साधारण सात टक्के कमी भरते. प्रत्यक्ष ॲव्हरेज तितके पडतेच असे नाही, कारण या इंधनासाठी जुळवलेले इंजिन थोडे भरून काढते. दोन्ही गाड्या तेच इंधन पितात, त्यामुळे तुलनेला बाधा नाही. पण भाचा याही घटीचा बोल हायब्रिडला लावत होता, तो तिचा नाही.

६ जुलै २०२५

द्रुतगती मार्गावरची धाव पुरी झाली. ताशी १०० च्या मर्यादेपर्यंत आणि एसी लावून. चाचणीतला कमाल वेग ९० आहे, म्हणजे हा सारा प्रवास चाचणीच्या कक्षेबाहेरचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. तिथे ब्रेक नाहीत, थांबे नाहीत, त्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जाही नाही, आणि हायब्रिडचे बॅटरी-मोटरचे जास्तीचे वजन मात्र बरोबर असते.

आमचे आकडे, अनेक टाक्यांची बेरीज करून आणि मुद्दाम गोळाबेरीज स्वरूपात: शहरात हायब्रिडला १०० किलोमीटरला ५ लिटरच्या आसपास, साध्या गाडीला सव्वासात. द्रुतगती मार्गावर हायब्रिडला साडेपाच, साध्या गाडीला साडेसहाच्या थोडे आत. दोन गाड्या, ठरावीक चालक, ठरावीक वाटा. याहून जास्त वजन या आकड्यांवर टाकू नये. दोन्ही गाड्यांची स्क्रीन पंपाच्या मापापेक्षा जास्त उदार आहे.

१३ जुलै २०२५

आकडे पाहून भाच्याचा पहिला उद्गार, ‘मामा, बघा, वीसच देते! अठ्ठावीस कुठे गेले?’ तूट खरी आहे. तरीही या तुटीवरून हायब्रिड फायद्याची नाही असा निष्कर्ष काढणे अंकगणिताला धरून नाही, आणि या सबंध प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

जाहीर आकड्यांचेच उदाहरण घेतो. ग्रँड व्हिटारात स्ट्राँग हायब्रिडचा २७.९७ आणि सौम्य हायब्रिड (जिची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी चालवत नाही) ऑटोमॅटिकचा २०.५८, असे २०२२ चे आकडे होते. लिटरला किलोमीटर ही भाषा सोडून १०० किलोमीटरला लिटर काढले तर ३.५८ आणि ४.८६, बचत १.२८ लिटर. आता दोन्ही गाड्या रस्त्यावर दाव्यापेक्षा २५ टक्के कमी देतात असे धरू. मग ४.७७ आणि ६.४८, बचत १.७१ लिटर. दावा खोटा ठरला आणि बचत वाढली. हायब्रिडची तूट ३० टक्के आणि दुसरीची २५ धरली, तरी बचत १.३७ राहते, म्हणजे माहितीपत्रकातून निघते त्याहून कमी नाहीच. गाडी जितकी जास्त पिते, तितके तिच्या पिण्यातल्या प्रत्येक टक्क्याचे लिटर मोठे असतात, आणि लिटरला किलोमीटर या मापात ते दिसत नाही.

म्हणून मेहुणे आणि भाचा दोघेही चुकीच्या जोडीची तुलना करत होते. हायब्रिडचा रस्त्यावरचा आकडा तिच्याच माहितीपत्रकाशी लावून खरेदीचा निर्णय होत नाही. तो त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात, तीच गाडी हायब्रिड नसती तर किती प्यायली असती, याच्याशी लावायला हवा. माहितीपत्रकावर रागवायचे तर जरूर रागवावे. तो ग्राहक म्हणून आपला हक्क आहे. फक्त तो राग हिशेबाच्या वहीत लिहू नये.

२० जुलै २०२५

पैशांचा हिशेब. किमतीतला फरक सव्वादोन लाख, पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले. शहरात आमच्या मोजणीप्रमाणे १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर, म्हणजे २३४ रुपये वाचतात. फरक भरून यायला ९६ हजार किलोमीटर लागतात. मेहुण्यांची वर्षाची धाव १८ हजार, तीही बहुतेक शहरात. साडेपाच वर्षांच्या आत त्यांचे पैसे सुटतात. या वर्गातल्या हायब्रिड बॅटरीवर कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, त्यामुळे तोपर्यंत बॅटरीच्या खर्चाची धास्ती नाही.

द्रुतगती मार्गावर बचत १०० किलोमीटरला ०.९ लिटर, म्हणजे ९४ रुपयांच्या आसपास. तिथे तोच फरक भरून यायला २ लाख ४० हजार किलोमीटर लागतील. गाडी तोवर हप्त्यांतून आणि बहुधा घरातूनही गेलेली असेल.

२६ जुलै २०२५

भाचीला कागद पाठवला. तिची धाव वर्षाला १२ हजार किलोमीटरच्या घरात असेल. ती मुख्यतः नाशिक-मुंबई, म्हणजे बहुतांशी महामार्ग आणि मध्ये कसारा घाट. घाटाबद्दल बोरघाटाचा हिशेब तिला तसाच लागू आहे, फक्त उंची वेगळी. शहरातले चालवणे तिच्या वाट्याला फार तर चौथा हिस्सा येते. त्या प्रमाणात बचत १०० किलोमीटरला सव्वा लिटरच्या खाली राहते, वर्षाला जेमतेम १५-१६ हजार रुपये, आणि सव्वादोन लाख भरून यायला साडेचौदा वर्षे.

तिने फोन करून विचारले की हा सव्वादोन लाखांचा फरक निव्वळ हायब्रिडचा आहे का. प्रश्न योग्य आहे. हायब्रिड फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळते आणि त्यात सनरूफ, कॅमेरे अशा वस्तू येतात, ज्यांचा ॲव्हरेजशी संबंध नाही. त्या तिला हव्याच असतील तर त्यांची किंमत हायब्रिडच्या खात्यातून वजा करावी लागेल. नको असतील तर नाही. नाशिकच्या शोरूममधून दोन्ही गाड्यांचे सारख्या सुविधांचे ऑन-रोड कोटेशन ती मागवणार आहे. ते आल्यावर सव्वादोन लाखांच्या जागी तो आकडा घालून वरचा भागाकार तिनेच करायचा आहे.